डावे पान कोरे ठेवा

या पुस्तिकेत अकरा निबंध आहेत आणि त्यातला प्रत्येक दोनदा छापला आहे. उजव्या पानावर मुलाने पहिल्यांदा लिहिलेला खर्डा, डाव्या पानावर त्याच मुलाने त्याच विषयावर शेवटी उतरवलेला मजकूर. वहीत जसे होते तसेच. खर्ड्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका मुद्दाम ठेवल्या आहेत. अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाने दोनदा फोन करून विचारले, "बाई, हे असंच ठेवायचं ना?" असेच ठेवायचे होते. वाचणाऱ्याने उजवीकडून डावीकडे जावे आणि मधल्या काळात काय झाले ते पाहावे, एवढ्यासाठीच ही पुस्तिका काढली आहे. जे झाले त्याला आपल्या शाळांच्या वेळापत्रकात जागा नाही. तिथे निबंध लिहिणे आहे, तपासणे आहे, गुण आहेत. तोच निबंध पुन्हा लिहिणे नाही.

मी माध्यमिक शाळेत तीसेक वर्षे मराठी शिकवले. लाल शाईने वर्तुळे केली, वेलांट्या फिरवल्या, खाली 'अक्षर सुधारा', 'मुद्दे वाढवा', 'छान' असे शेरे मारले आणि वह्यांचा गठ्ठा वर्गात परत पाठवला. मुले गुण बघत, शेरा बघत आणि वही मिटत. पुढच्या महिन्यात नवा विषय, नवा निबंध आणि त्याच चुका. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला मी लावला. चुकलेला निबंध एकदाही परत लिहायला लावला नाही. निवृत्तीनंतर कोनला रविवारचा वर्ग सुरू केला तेव्हा हातात अभ्यासक्रम नव्हता, घटक चाचणी नव्हती, म्हणून हे करून बघता आले. इतक्या उशिरा बघितले याची खंत मनात आहे.

कोन ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने निघाले की पळस्पे फाट्याला गोव्याचा रस्ता फुटतो. त्या रस्त्यावर वासुदेव बळवंत फडक्यांचे शिरढोण आणि पुढे कर्नाळा. आपण पुण्याच्या बाजूने राहिलो की थोड्याच वेळात कोन येते आणि तिथून एक रस्ता सावळ्याकडे, रसायनीकडे वळतो. पूर्वी हा सगळा भाताचा मुलूख. खाचरे अजून आहेत, पण त्यांच्या कडेने गोदामे, कंटेनरचे तळ आणि उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यातल्याच काही इमारती गिरणी कामगारांच्या. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या संपात ज्यांचे आयुष्य विस्कटले त्यांच्यासाठी म्हाडाने डिसेंबर २०१६ मध्ये कोनच्या २,४१७ घरांची लॉटरी काढली. चाव्या हातात पडायला मात्र आणखी कित्येक वर्षे गेली. करोनाच्या दिवसांत याच इमारतींत विलगीकरण केंद्र होते. त्यामुळे माझ्या वर्गात दोन घरची मुले एका सतरंजीवर बसतात: ज्यांची शेते गेली त्या मूळ गावातली, आणि लालबाग-परळ सुटलेल्यांची नातवंडे.

पहिला विषय मी सोपा म्हणून दिला: 'माझे गाव'. बहुतेक वह्यांत एकच गाव होते. चहूबाजूंनी हिरवीगार वनराई, मधून झुळझुळ वाहणारी नदी, पहाटे पक्ष्यांचा किलबिलाट, गुण्यागोविंदाने नांदणारे गावकरी. ज्या खोलीत ही मुले लिहीत होती तिच्या खिडकीतून येणाऱ्या ट्रेलरच्या आवाजाने फळ्यावरचा खडूही थरथरत होता. नववीतल्या एका मुलीला मी विचारले, "सकाळी उठल्यावर तुला पहिला आवाज कुठला येतो?"

"ट्रेलरचा हॉर्न."

"मग हा किलबिलाट कुठला?"

"बाई, तो निबंधातला."

ती उद्धटपणे बोलली नव्हती. मला माहीत नसलेली गोष्ट समजावून सांगावी तशी बोलली. मग खाली बघत तिने विचारले, "खरं लिहिलं तर मार्क जातात ना?" नववीपर्यंत येताना हे मूल काय शिकून आले होते ते त्या एका प्रश्नात होते. निबंधाचे गाव वेगळे, राहायचे गाव वेगळे. निबंधातली आई वेगळी, घरातली वेगळी. पूर्वी ही समजूत गाईडातून येत असे, आता मोबाइलला सांगितले की तयार निबंध येतो. त्यातही वनराई हिरवीगारच असते.

मी तिला म्हटले, त्या हॉर्नबद्दल अजून सांग. ती म्हणाली, "आजोबा झोपेतच म्हणतात, भोंगा झाला."

इथे मी खडू खाली ठेवला. पुढचे सहा रविवार आम्ही या एका वाक्याभोवती काम केले. त्या मुलीचा निबंध पुस्तिकेत तिसरा आहे, पण दोन टोकांच्या मधल्या पायऱ्या जागेअभावी तिथे घेता आल्या नाहीत, म्हणून त्या इथे देते.

पहिला खर्डा असा सुरू होत होता: "माझे गाव कोन हे अतिशय निसर्गरम्य व सुंदर असे गाव आहे. पहाटे पक्षांच्या मधूर किलबिलाटाने गावाला जाग येते."

दुसऱ्या वेळी तिने लिहिले: "माझे आजोबा हे गिरणी कामगार होते व त्यांना गिरणीच्या भोंग्याची सवय असल्याकारणाने ते हायवेवरील ट्रेलरच्या हॉर्नला भोंगा असे म्हणतात."

गोष्ट आता खरी आहे, पण वाक्य अजून निबंधातले आहे. 'असल्याकारणाने' हा शब्द ती आयुष्यात कधी बोललेली नाही. मी काही खोडले नाही. फक्त म्हटले, हे वाक्य आजोबांना मोठ्याने वाचून दाखव. पुढच्या रविवारी ती सांगत आली की आजोबांनी पुरते ऐकूनच घेतले नाही, मध्येच विचारले, "मग पुढं काय?" वाक्य लांबले आहे हे तिला माझ्याकडून कळायची गरज राहिली नाही.

शेवटचा मजकूर असा: "आमचे घर वरच्या मजल्यावर आहे. पहाटे हायवेवर ट्रेलर हॉर्न देतात. आजोबा डोळे न उघडता म्हणतात, 'भोंगा झाला.' गिरणी बंद पडली तेव्हा बाबा दुसरीत होते. आजी म्हणते, यांची पाळी अजून सुटली नाही. मला गजर लावावा लागत नाही."

काय काय गेले ते पाहा. 'अतिशय', 'सुंदर असे', 'हे', 'व', 'असल्याकारणाने'. आजोबा गिरणीत होते हे सांगणारे वाक्यही गेले, कारण भोंगा आणि गिरणी शेजारीशेजारी आले की वाचणारा ते स्वतः जोडतो. हे तिचे तिला सुचले. चौथ्या वेळी तिने मला विचारले, "हे काढलं तर कळेल का?" आम्ही वर्गातल्या दुसऱ्या मुलाला वाचायला दिले. त्याला कळले. मग ते वाक्य काढले. गजराचे वाक्य आधी मधेच कुठेतरी होते. मोठ्याने वाचताना ती दर वेळी तिथे थांबायची, म्हणून ते शेवटी नेले. सजवणारे विशेषण एकही उरले नाही, आणि तरीही त्या घरातली पहाट मला दिसते. वर्णन म्हणजे विशेषणे, असे मीच मुलांना वर्षानुवर्षे शिकवले होते.

शैली हा शब्द शाळेत फार मोठा करून ठेवला आहे. अलंकार, सुभाषित, सुरुवातीला कवितेची ओळ, शेवटी संदेश. पाठ केलेली अवतरणे घातली की भाषा सजते असे मुलांना वाटते, कारण तपासणारा त्याखाली रेघ मारतो. माझ्या अनुभवात शैली सुधारण्याचे काम याच्या उलट दिशेने चालते. आधी वस्तू परत बघायची. मग वाक्य तोंडाने म्हणून बघायचे. जे आपण कुणाशी बोलताना म्हणणार नाही, ते का लिहिले हे स्वतःला विचारायचे. 'तो माझा मित्र आहे जो की खूप हुशार आहे' हे मराठी वाक्य नाही, 'माझा तो मित्र फार हुशार' हे आहे. मुलांना दोन्ही म्हणून दाखवले की त्यांचे कान लगेच सांगतात. 'वृक्षारोपण करण्यात आले' म्हटले की झाड कुणी लावले ते हरवते. लावणाराच त्या निबंधातला महत्त्वाचा माणूस असतो. 'च्या माध्यमातून' तर जिथे दिसेल तिथे उपटावे.

विरामचिन्हांबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मराठीत पूर्णविराम-स्वल्पविरामाची शिस्त आणण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांच्याकडे जाते. एकोणिसाव्या शतकात सरकारी क्रमिक पुस्तकांचा मजकूर त्यांच्या हाताखालून जात असे. त्यांच्या हाताने मराठीला इंग्रजी वळण लागले अशी तक्रार पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी केली, आणि तीही 'निबंधमाले'तून. १८७४ साली सुरू केलेल्या त्या मासिकाचे ८४ अंक निघाले आणि ते त्यांनी जवळजवळ एकट्याने लिहिले. ज्या लेखनप्रकाराला आज आपण शाळेत निबंध म्हणतो त्याला मराठीत घडवणारा माणूस वाक्य कुणाच्या वळणाचे आहे यावरून भांडत होता. ते भांडण मला अजून मिटलेले वाटत नाही. कँडींचा पूर्णविराम मात्र मी मुलांना मनापासून वापरायला सांगते. 'व', 'आणि', 'त्यामुळे' यांनी बांधलेले पाच ओळींचे वाक्य घ्यायचे आणि त्यात पूर्णविराम कुठे कुठे देता येतो ते शोधायचे, हा आमच्या वर्गातला सर्वांत आवडता खेळ आहे.

आता माझी एक चूक. सातवा निबंध मूळ गावातल्या, आगरी घरातल्या मुलाचा आहे. त्यांच्या खाचरात झालेल्या शेवटच्या लावणीबद्दल त्याने लिहिले. त्यात होते, 'बाबा आवण काढत होते.' मी सवयीने 'आवण'भोवती वर्तुळ केले आणि वर 'रोपे' लिहिले. पुढच्या रविवारी तो वही घेऊन आला. म्हणाला, "बाई, रोपं नर्सरीत मिळतात. हे आवण आहे." राब भाजायचा, त्यात भात पेरायचे, ते वितभर वाढले की उपटून त्याच्या मुठी बांधायच्या आणि चिखलात लावायच्या, हे सगळे त्या एका शब्दात त्याच्यासाठी होते. माझ्या 'रोपे'मध्ये त्यातले काही नव्हते. मी माझे अक्षर खोडले. छापील पानावर 'आवण' आहे. ज्यांना शब्द माहीत नाही त्यांना पुढच्या दोन ओळींतून तो कळतो, कारण त्या मुलाने शब्द काढण्याऐवजी तिथे दोन ओळी घातल्या. त्याची आजी निबंधात "मना पानी दे" असेच म्हणते. बोलणाऱ्याची भाषा बोलणाऱ्याची राहील आणि सांगणाऱ्याची भाषा सगळ्यांना कळेल अशी राहील, एवढे आम्ही वर्गात ठरवून घेतले आहे.

त्या रात्री मला एकनाथ आठवले. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती गोळा करून पाठ शुद्ध केला. मराठीतले ते पहिले मोठे संपादन. स्वतः इतके समर्थ कवी, पण त्या ग्रंथात त्यांनी आपले काव्य मिसळले नाही, आणि पुढे कुणीही आपली ओवी त्यात घालू नये असे बजावून ठेवले. मुलाच्या वहीत शिक्षकाने याहून वेगळे काय करायचे असते? आपण मात्र सर्रास आपल्या ओव्या घालतो. मुलाचे वाक्य वाकडे दिसले की वर आपले सरळ वाक्य लिहितो, मूल ते उतरवून घेते, आणि निबंध आपला होतो. नंतर वार्षिकांकात तो मुलाच्या नावाने छापतो. मी हे केले आहे.

म्हणून आता समासात मी वाक्ये लिहीत नाही, प्रश्न लिहिते. 'हे तू पाहिलेस का?' 'नक्की किती?' 'तेव्हा तो काय म्हणाला?' एका खर्ड्याला तीनपेक्षा जास्त प्रश्न नाहीत. जास्त विचारले की मूल घाबरते आणि पुन्हा वनराईत जाऊन लपते.

मोठ्या लेखकांनाही हे चुकलेले नाही, हे मी मुलांना आवर्जून सांगते. गिरगावातल्या खटाववाडीत 'मौज' आणि 'सत्यकथा' यांच्या कचेरीत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा वाचत, लेखकाला बारीकसारीक शंका कळवत आणि तो पुन्हा लिहून पाठवेपर्यंत वाट बघत. 'सत्यकथा' मासिक १९८२ मध्ये बंद झाले, ज्या वर्षी या मुलांच्या आजोबांचा संप सुरू झाला. पण मराठी कथेला दुसऱ्या आणि तिसऱ्या खर्ड्याची सवय लावणाऱ्या त्या दोघांचे ऋण आजही मानले जाते. नामवंत लेखकाला जी वागणूक मिळते ती नववीतल्या मुलीला का मिळू नये? तिच्या लेखनावर कुणी सहा आठवडे विचार केला, हेच तिला पुष्कळ होते. त्या सहा आठवड्यांत तिची बसण्याची पद्धत बदलली.

शुद्धलेखन मी शेवटी घेते, आणि त्यावर पालकांचा रोष ओढवून घेते. शुद्धलेखन नको असे मी म्हणत नाही. वाचणाऱ्याला अडखळू न देणे हा सभ्यपणा आहे. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, हे मुलाला आलेच पाहिजे. 'कवी' दीर्घ पण 'कविसंमेलन' ऱ्हस्व, हेही आले पाहिजे. पण जे वाक्य उद्या काढूनच टाकायचे आहे त्याची वेलांटी आज दुरुस्त करण्यात कुणाचा फायदा? पहिल्या खर्ड्यावर लाल वर्तुळे पडली की मूल फक्त वर्तुळे दुरुस्त करते आणि त्यालाच सुधारणा समजते. खोटे वाक्य शुद्ध होते, इतकेच.

भोंग्याचा निबंध लिहिणाऱ्या मुलीने एकदा आजोबांचे जुने पत्र आणले. गिरणीतून गावी आईला लिहिलेले. त्यात 'नाहीं', 'आम्हीं', 'घरें' असे अनुस्वार जागोजाग होते. तिने विचारले, आजोबा इतके अशुद्ध कसे लिहायचे? मी तिला सांगितले की आजोबा बरोबर लिहीत होते. त्यांनी अक्षरे गिरवली ती जुन्या वळणाच्या गुरुजींच्या हाताखाली. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले, १९७२ मध्ये त्यात भर पडली, आणि न उच्चारले जाणारे ते अनुस्वार गेले. नियम पाळायचे, कारण आपण सगळे ते पाळतो. पण पत्रात आजोबांनी आईला लिहिले होते की पगारातले सात रुपये धाकट्याच्या चपलेसाठी वेगळे ठेवले आहेत, आणि ते अनुस्वारासकट आणि अनुस्वाराविना सारखेच पोचते.

समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक अख्खा समास लिहिला आहे. त्यात तरुणपणी फार बारीक अक्षर काढू नये, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, असे सांगितले आहे. मला त्यातले वाचणाऱ्याचे भान फार आवडते. लिहिणाऱ्याने कागदाच्या पलीकडे बसलेला माणूस आधीच पाहून ठेवावा. मूल जेव्हा निबंध फक्त तपासणाऱ्यासाठी लिहिते तेव्हा पलीकडे माणूस नसतो, गुणांचा रकाना असतो. आजोबा ऐकणार आहेत, शेजारचा मुलगा वाचणार आहे, हे कळले की वाक्ये आपोआप लहान होतात.

शिक्षक म्हणतील, वर्गात साठ मुले, इतका वेळ कुठून आणायचा? मी स्वतः साठ-साठ वह्यांचे गठ्ठे घरी नेले आहेत, त्यामुळे ही तक्रार खरी आहे हे मला माहीत आहे. माझे उत्तर एवढेच की वेळ वाढवू नका, निबंध कमी करा. वर्षाला दहा विषय लिहून घेण्याऐवजी तीन घ्या आणि प्रत्येक तीनदा लिहू द्या. प्रत्येक खर्डा तुम्ही वाचायची गरज नाही. दोन मुलांनी एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवले तरी निम्मे काम होते. दहावीला प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन सगळे आहेच. तीन विषयांवर खरे काम केलेले मूल चौथ्यापुढे रिकामे बसत नाही, हे मी आता पाहिले आहे. गुणांचेही सांगते: मी उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. गठ्ठ्यात एकामागून एक वनराई वाचताना मध्येच कुणी खरा हॉर्न वाजवला की तपासणाऱ्याचा हात थांबतो.

पालकांना विनंती, या पुस्तिकेतले डावे पान मुलांकडून पाठ करून घेऊ नका. ते दुसऱ्या कुणाचे घर आहे.

आणि मुलांनो, तुम्हाला एकच काम. उद्या नवी वही घ्याल तेव्हा फक्त उजव्या पानावर लिहा. डावे पान कोरे ठेवा. आठवड्याने वही उघडा, उजवे पान मोठ्याने वाचा, आणि जिथे तुमची जीभ अडखळेल तिथून डावीकडे लिहायला लागा.

कोन, ता. पनवेल, जि. रायगड